सेहेचाळिसाव्या वर्षी मॅटवर पाय ठेवताना

प्रिय ताई,

माझं वय ४६. मुलगी तेरा वर्षांची आहे, दोन वर्षांपासून ज्युदो शिकते. तिला क्लासला सोडायचं, दीड तास भिंतीलगतच्या बाकावर बसायचं आणि तिला घेऊन घरी यायचं, हे आठवड्यातून तीनदा ठरलेलं. सुरुवातीला मी मोबाइल बघत बसायचे. आता मोबाइल पर्समध्येच राहतो, मी मुलांचं पडणं-उठणं बघत बसते. मागच्या महिन्यात सरांनीच विचारलं, "मोठ्यांचीही बॅच आहे, तुम्ही का येत नाही?" मी हसून "आता कुठे या वयात" म्हणाले, पण त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. ताई, मला शिकायचंय.

पण शाळा सुटल्यापासून मी एकही खेळ खेळलेले नाही. डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. नवरा म्हणतो, हातपाय मोडून घेशील, त्यापेक्षा चालायला जा. मैत्रिणी म्हणतात, शिकायचंच तर कराटे नाहीतर बॉक्सिंग शीक, स्वसंरक्षणाला उपयोगी पडेल. आणि खरं सांगू? सगळ्यात मोठी भीती ही की निम्म्या वयाच्या पोरांसमोर मी धपकन पडेन आणि माझी मुलगी ते बघेल. मला उशीर झालाय का?

बाकावरची आई

*

प्रिय मैत्रिणी,

उशीर झालेला नाही. जा. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी गुडघा, डॉक्टर, कोपर असं बरंच काही लिहिणार आहे. ते वाचून तुमचं मन पुन्हा बाकावर जाऊन बसायला नको.

मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी ज्युदो शिकायला सुरुवात केली. त्यामुळे तुमच्या पत्रातलं "मोबाइल पर्समध्येच राहतो" हे वाक्य मी दोनदा वाचलं. ज्या गोष्टीकडे माणूस आपणहून, कुणी न सांगता, महिनोन्‌महिने टक लावून बघतो, ती त्याला हवी असते. ही ओढ वयावर अवलंबून नसते. वयानुसार बदलते ती शिकण्याची रीत, आणि पत्राचं उत्तर मला मुख्यतः त्याबद्दलच द्यायचंय.

तुमच्या सगळ्यात मोठ्या भीतीपासून सुरुवात करते. पोरांसमोर तुम्ही पडाल का? पडाल. पहिल्याच दिवशी पडाल, वीस-पंचवीस वेळा पडाल, आणि सर तुम्हाला मुद्दाम पाडतील. ज्युदोचा पहिला धडाच पडण्याचा असतो. त्याला उकेमी म्हणतात. तुम्ही बाकावरून ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण लांबून ते नुसतं धडाधड आपटणं वाटतं. आत काय चाललेलं असतं ते सांगते.

आधी पाठीवर झोपवतात. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची. दोन्ही हात छातीवर एकमेकांवर घ्यायचे आणि मग एकदम दोन्ही बाजूंना, शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंतच्या सबंध हाताने मॅटवर थाप मारायची. हात फार वर गेले तर खांद्याला झटका बसतो, अंगाखाली आले तर मनगट आणि कोपर सापडतं. थाप मारताना श्वास सोडायचा. हे जमलं की उकिडवं बसून मागे लोळायचं आणि थाप मारायची. मग उभ्याने, मग बाजूला, मग पुढे कोलांटी घेऊन. पडण्याचा जोर एका जागी न बसता सगळ्या हातावर आणि पाठीवर पसरतो आणि डोकं मॅटला लागत नाही, एवढंच यामागचं शास्त्र.

माझी हनुवटी सारखी वर जायची. चाळिशीच्या माणसाची मान पडताना आपोआप मागे जाते, आकाश बघायला निघाल्यासारखी. शेवटी आमच्या मॅडमनी रुमालाची घडी केली, माझ्या हनुवटीखाली ठेवली आणि म्हणाल्या, "हा रुमाल पडला नाही पाहिजे." बाकी कुठलीही सूचना नाही. तीन दिवस मी तो रुमाल हनुवटीखाली दाबून पडत होते. चौथ्या दिवशी त्यांनी तो काढून घेतला, ते मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

आता तुमच्या मुलीचं. ती दोन वर्षं तिथे आहे, म्हणजे हजारो वेळा पडलेली आहे. तिच्या लेखी पडणं हे श्वास घेण्याइतकं साधं असणार. आपण मोठी माणसं पडण्याला फजिती समजतो, कारण आपल्या जगात माणूस चुकूनच पडतो. त्या हॉलमध्ये पडणं हे काम आहे. आणि ती निम्म्या वयाची पोरं तुमच्याकडे बघत नसतात हो. ती धापा टाकत असतात, आपला पट्टा सैल झालाय तो बांधत असतात, पुढची पाळी कुणाशी येणार याचा अंदाज घेत असतात.

तुमच्या नवऱ्याची काळजी मला चुकीची वाटत नाही. चालणं उत्तमच, ते सोडू नका. पण त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. साठी तुमच्यापासून फार लांब नाही, माझ्यापासून तर नाहीच. तोल सांभाळायचा कसा, तोल गेलाच तर डोकं वाचवून खाली जायचं कसं आणि जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठायचं कसं, हे अंगात मुरवायला ४६ हे वय मला फार योग्य वाटतं. ज्युदो शिकलेला माणूस म्हातारपणी पडणारच नाही अशी हमी मी देत नाही. पण ज्याला पडण्याची सवय आहे त्याचं शरीर पडताना घाबरून ताठ होत नाही, हे मी ओल्या जिन्यावर स्वतः अनुभवलंय.

वयाबद्दल अजून थोडं. ज्युदो ज्यांनी घडवला त्या जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ते स्वतः लहानखुरे होते, शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसलेले होते. पण मला कानोंपेक्षाही आठवतात त्या केइको फुकुदा. त्यांचे आजोबा कानोंचे गुरू होते. उंची पाच फुटांच्याही आत. १९३५ साली, विशी ओलांडल्यावर त्या कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाल्या. पुढे बायकांना वरचे डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या वरच्या पायऱ्या, द्यायचेच नाहीत या रिवाजामुळे त्यांना अनेक वर्षं पाचव्या डॅनवर अडकवून ठेवलं गेलं. त्या शिकत आणि शिकवत राहिल्या. २०११ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा डॅन दिला. नव्वदी उलटल्यावरही त्या मॅटशेजारी खुर्ची टाकून शिकवत असत. अमेरिकी शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन पन्नाशी केव्हाच उलटून गेल्यावर ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकू लागले आणि २०१६ साली न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धेत आपल्या वयोगटात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. तुम्हाला पदकाशी कर्तव्य नसेल, मलाही नव्हतं. पण आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या ज्येष्ठांच्या स्पर्धा तिशीपासूनच सुरू होतात आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी जागा केलेली आहे, आपण कुणाच्या जागेत घुसत नाही.

आता गुडघा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं हे पुष्कळदा वाटीच्या मागचं दुखणं असतं आणि मांडीचे व कमरेचे स्नायू बळकट झाले की त्यात बराच फरक पडतो. पण पत्र वाचून निदान करणारी मी कोण? गुडघ्याला सूज येते का, तो मध्येच अडकतो का, चालता चालता दगा देतो का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल, तर मॅटवर पाय ठेवण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसलं तरी फिजिओथेरपिस्टला एकदा भेटा आणि "मला ज्युदो शिकायचंय" असं स्पष्ट सांगा. नुसतं "गुडघा दुखतो" म्हणालात तर उत्तर मिळेल, विश्रांती घ्या. "मला हे करायचंय, त्यासाठी गुडघा कसा तयार करू?" असं विचारलंत, तर व्यायाम मिळतील.

सरांनाही पहिल्याच दिवशी सांगा. ज्युदोच्या तासाची सुरुवात गुडघ्यांवर बसून नमस्काराने होते, त्या बैठकीला सेइझा म्हणतात. दुखऱ्या गुडघ्याला ती सोसत नाही. मांडी घालून बसा, कुणी काही म्हणत नाही. मी भिडेपोटी महिनाभर दात-ओठ खात सेइझात बसले होते आणि त्या एका महिन्याने काहीही साधलं नाही.

रक्तदाब, साखर, हृदयाचा कुठलाही त्रास असेल, छातीत दुखत असेल किंवा थोड्या श्रमाने धाप लागत असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन या. इतक्या वर्षांच्या खंडानंतर तसंही एकदा जाऊन येणं शहाणपणाचं. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेलं असेल, तर पाडापाडीचा प्रकार डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अजिबात नको. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना दोरीच्या उड्या मारताना, जोरात लाथ मारताना थेंब-दोन थेंब लघवी होते. लाजून क्लास सोडलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम असतात, त्यांतल्या जाणकार फिजिओथेरपिस्टही असतात आणि बहुतेकींना त्याने गुण येतो. त्यापायी मॅट सोडू नका.

यापुढचा मुद्दा मी स्वतः किंमत मोजून शिकले. मला पहिल्या महिन्यातच इतकं आवडलं की मी आठवड्यातून पाच दिवस जाऊ लागले. सहाव्या-सातव्या आठवड्यात वाटायला लागलं, वा, आता अंगात जोर आलाय. जोर आलाच होता. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि हाडाला हाडाशी जोडणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. त्या मधल्या काळात स्नायू म्हणतात "ओढ" आणि कंडरा म्हणतो "थांब", आणि आपल्याला ऐकू येतो तो स्नायूचाच आवाज. ज्युदोत समोरच्याच्या जाकिटाची कॉलर आणि बाही घट्ट धरून ओढायची असते. माझं उजवं कोपर बाहेरच्या बाजूने असं धरलं की नळाची तोटीही फिरवता येईना. चार महिने मी बाकावर. अति तिथे माती म्हणतात, ती मी या हाताने खाल्ली आहे.

म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनच दिवस जा, मध्ये किमान एक दिवस सोडून. मन भरलं नाही तरी दोनच. बाकीच्या दिवशी तुमचं चालणं, गुडघ्याचे व्यायाम आणि झोप. झोपेत काटकसर करू नका. वीस वर्षांच्या मुलाचं अंग दुसऱ्या दिवशी मोकळं होतं, आपल्याला दोन-तीन दिवस लागतात, तो काही दोष नाही. स्नायूंचं दुखणं दोन्ही बाजूंना सारखं आणि बोथट असतं, हालचाल केली की सैलावतं. सांध्यात एका ठिकाणी टोचणारं, रात्री जागवणारं, आठवडा उलटूनही न हटणारं दुखणं वेगळं, ते अंगावर काढू नका.

टॅप करायला शिका. जमिनीवरच्या कुस्तीत कुणी हात पिरगळला किंवा गळ्याला आवळलं, की समोरच्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर दोनदा थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने. समोरचा त्या क्षणी सोडतो. आपल्या पिढीला हे फार जड जातं. आपल्याला वाटतं, थोडं सोसून बघू. सांधा मात्र "थोडं" जाणत नाही. आमच्या बॅचमध्ये एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, तिच्याशी खेळताना मी एका तासात सात वेळा टॅप केलं. आठव्या वेळी तिने थांबून मला दाखवलं की मी कोपर प्रत्येक वेळी कुठे उघडं टाकते. सात वेळा लवकर टॅप केलं म्हणून आठवी वेळ आली. पहिल्याच वेळी ताणत बसले असते तर त्या दिवशी घरीच जावं लागलं असतं.

मोकळ्या झुंजीला रांदोरी म्हणतात. ती उभ्याने खेळणं निदान सहा महिने टाळा असं माझं मत आहे. सगळे शिक्षक याच्याशी सहमत होणार नाहीत. पण ज्युदोत गुडघ्याला इजा होते ती बहुतेकदा तुम्ही नीट पडलात म्हणून नव्हे, तर पाय मॅटला रुतलेला असताना अंग फिरलं किंवा वजनदार जोडीदार बाजूने पायावर कोसळला म्हणून. तोवर उचिकोमी करा, म्हणजे डावाच्या तोंडापर्यंत जायचं आणि न पाडता परत यायचं, पुन्हा पुन्हा. जाड गादीवर पडा. जमिनीवरची झुंज खेळा. यात शिकण्यासारखं इतकं आहे की सहा महिने पुरणार नाहीत.

मैत्रिणींचा कराटे-बॉक्सिंगचा सल्ला वाईट नाही. कराटे, तायक्वांदोत सुरुवातीला कुणी अंगावर येत नाही, एकट्याने करायच्या चाली असतात, त्यामुळे बुजऱ्या माणसाला ते सोपं जातं. मात्र तुमच्या गुडघ्यासाठी एक खूणगाठ बांधा. बाजूने गोल लाथ मारताना ज्या पायावर उभे आहोत त्याची टाच लक्ष्याच्या दिशेने फिरलीच पाहिजे. तो पाय जमिनीला चिकटून राहिला आणि कंबर वळली, तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. शिक्षक नवख्यांच्या उभ्या पायाकडे लक्ष देतात की नुसत्या उडत्या पायाकडे, यावरून मला शिक्षकाची पारख होते. बॉक्सिंगचा व्यायाम म्हणजे दम, पायांची चपळाई, बॅगवर मोकळं होणं, सगळं उत्तम. पण डोक्यावर ठोसे घेणं छंद म्हणून शिकणाऱ्या माणसाला मुळीच आवश्यक नाही. पॅडवर मारा, चालीने मारा, डोकं वाचवा. कुठल्याही प्रकारात डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं, धूसर दिसलं किंवा काही क्षण आठवेनासं झालं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपला. डॉक्टरांना दाखवायचं, पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत झुंजीला उतरायचं नाही. "काही होत नाही, चल" म्हणणाऱ्या शिक्षकाकडे पुन्हा जाऊ नका.

तरी तुमच्यापुरतं माझं उत्तर सोपं आहे. प्रकार कुठलाही असो, पळसाला पानं तीनच. ज्या क्लासला तुम्ही आठवड्यातून तीनदा तसंही जाता, जिथल्या शिक्षकांनी आपणहून बोलावलंय, तो सोडून दुसरीकडे कशाला शोधायचं? मी लोकांना सांगते, नवा क्लास निवडताना एक तास नुसते बसून बघा. नवख्याची जोडी कुणाशी लावतात? कुणाला लागलं तर खेळ थांबतो का? टॅप केल्यावर लगेच सोडतात का? शिक्षक ओरडतात तेव्हा शिकवायला ओरडतात की खाली दाखवायला? वर्षाचे पैसे आधी मागतात का, अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देतात का? आणि बाईमाणसाला नको असलेल्या जोडीदाराला "नाही" म्हणता येतं का? तुम्ही तर एक तास कसला, दोन वर्षं बसून बघितलंय. इतकी माहिती घेऊन मॅटवर उतरणारा शिकाऊ मी पाहिला नाही.

स्वसंरक्षणाबद्दल मात्र कुणी स्वप्नं दाखवली तर विश्वास ठेवू नका. सहा महिन्यांच्या क्लासने कुणी चाकूवाल्यासमोर उभं राहण्याजोगं होत नाही. तिथे पळायचंच असतं, आणि वीस वर्षं शिकलेला माणूसही हेच सांगेल. उपयोग होतो तो वेगळा. धोका लवकर ओळखणं, अंतर राखणं, मोठ्या आवाजात "नाही" म्हणणं, कुणी मनगट धरलं तर गोठून न जाणं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना चार सत्रांत मिळून १२ तासांचं असं प्रशिक्षण दिलं होतं. हातापायांनी प्रतिकार हा त्याचा एक भाग होता. ओळखीच्या माणसाकडूनही धोका असू शकतो हे ओळखणं आणि भीड मोडून ठामपणे बोलणं हे त्याचे बाकीचे भाग. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. पुढच्या वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांमध्ये ९.८ टक्के होतं, घेतलेल्यांमध्ये ५.२ टक्के. म्हणून मैत्रिणींना स्वसंरक्षणच शिकायचं असेल तर त्यांनी तसा खास अभ्यासक्रम शोधावा आणि त्यात बोलण्याचा, नकार देण्याचा सराव आहे का ते बघावं. ज्युदो त्याला पूरक आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर अनोळखी माणूस फार जवळ आला तर न बिचकता "मागे व्हा" म्हणणं मला मॅटवर गेल्यानंतरच जमायला लागलं. रोज कुणीतरी आपली कॉलर धरतं, आपण त्याची धरतो, आणि माणसाच्या जवळिकीने छाती धडधडणं हळूहळू कमी होतं.

आणखी एक सांगून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुम्हाला सोडून द्यावंसं वाटेल. नवलाई संपलेली असते, तुमच्यानंतर आलेला कॉलेजचा मुलगा पुढे गेलेला असतो आणि काल जमलेला डाव आज हाताला येत नसतो. मी अशा एका संध्याकाळी कपडे बदलण्याच्या खोलीत बसून रडले होते. तेव्हा ज्यांनी मला धरून ठेवलं त्या माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांचा पट्टा अजून पिवळाच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी ये, माझ्याबरोबर नुसतं पडायला." बॅचमध्ये असं एखादं माणूस जोडा. पट्ट्याचा रंग मोजू नका. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला जपानीत शोदान म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी सुरुवातीची पायरी असा आहे.

मुलीला मात्र आधी विचारा. ज्युदो तिची जागा आहे, तिथे तिचं स्वतःचं नाव आहे, मैत्रिणी आहेत. आई तिथे आली तर तिला आवडेल की अवघडल्यासारखं होईल, हे तिला मोकळेपणाने सांगू द्या आणि अवघडल्यासारखं होईल म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मोठ्यांच्या बॅचला जा, तिच्या बॅचला नको. तिच्या वेळेत तुम्ही आईच राहा. ती कशी पडते यावर, आता थोडं कळायला लागलं म्हणून, सूचना देऊ नका. हा मोह फार जबरदस्त असतो.

पुढच्या वेळी तिला सोडायला जाल तेव्हा सरांना गाठा. वय सांगा, गुडघा सांगा, सेइझात बसता येणार नाही हे सांगा, पहिले सहा महिने उभ्याने झुंज खेळायची नाही हे सांगा आणि सुरुवातीला एखाद्या अनुभवी, शांत जोडीदाराबरोबर ठेवा अशी विनंती करा. हे ऐकून ते नाराज झाले तर मला पुन्हा लिहा, आपण दुसरा क्लास शोधू. सुरुवातीचे तास साध्या ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवर चालतात, ड्रेस नंतर घ्या. अंगठी, बांगडी, कानातलं, गळ्यातलं, सगळं घरी. चपला मॅटच्या कडेपर्यंत न्या, अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन तेच पाय मॅटवर आणू नका. घरी आलात की लगेच अंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका, कारण मॅटवरून गजकर्ण फार पटकन पसरतो. अंगावर गोल लाल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत सुट्टी घ्या. आणि आदल्या रात्री नखं कापा. हाताची सगळेच कापतात, पायाची विसरतात.

तुमची,
ताई